मियेनने काय उचललं होतं

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जुन्या वस्तू मनाने मोठ्या असतात, सगळ्यांना क्षमा करून टाकतात, असं तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. माझ्याकडून तशी आशा ठेवू नका. मला दोन पाती आहेत आणि दोन्ही पात्यांना सगळं लख्ख आठवतं. माझा अपमान कोणी केला, कुठल्या दिवशी केला, तेव्हा घरात कशाचा वास सुटला होता, सगळं. आणि एका मुलीला ज्याने ‘ढ’ ठरवलं, त्याला तर मी अजूनही पुरतं सोडलेलं नाही. आधी ऐका, मग सांगा माझं काय चुकलं ते.

माझा जन्म हुए शहराबाहेर लोहारांच्या गावात झाला. लढाईनंतर रस्त्याकडेला मोडून पडलेल्या एका लष्करी ट्रकचा कमानपाटा, तेच माझं लोखंड. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा तापवलं. मधला खिळा बसवल्यावर त्याने मला कानाशी धरून तीनदा उघडलं आणि मिटलं.

"ही कापडाची," तो म्हणाला. माझ्याबरोबर घडलेल्या दोघींनाही त्याने कानाशी धरलं. "या दोघी मासळीच्या."

त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पण लोखंड काय बोलतं ते त्याच्या कानाला कळत होतं. हे कळणं कितव्या इयत्तेत शिकवतात, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मला विकत घेतलं बांग नावाच्या तरुण शिंप्याने. बाजाराच्या मागच्या गल्लीत, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी त्याचं दुकान. आमच्याकडच्या बायकांचा आओ याय शिवावा तर त्यानेच. हा घोट्यापर्यंत लांब, दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत चिरलेला रेशमी झगा विजारीवर घालतात, आणि तो अंगाला असा बसावा लागतो की बोटभर चूकही सगळ्या गल्लीला दिसते. बांग कधी टेप वापरत नसे. बाई दारातून आत येताना तो बघे, परत जाताना बघे, सुताच्या दोरीला चार गाठी मारे. झालं माप.

"लिहून नाही घेत?" नवी गिऱ्हाइकं विचारत.

"लिहिलं की विसरतो," बांग म्हणे. "आणि ताई, तो रोखलेला श्वास सोडा बघू. लग्नात जेवणार आहात ना?"

सपाट कापडात त्याला चालता-बोलता माणूस दिसायचा. तो दिसला की मला नुसतं त्याच्या मागे जायचं असे. तीस वर्षं मी रेशमातून अशी गेले जशी होडी नदीतून. लोक म्हणत, बांगच्या हातात जादू आहे. बांग म्हणे, "हात माझा, डोकं कात्रीचं." मित्रांनो, कौतुक मीही खाल्लेलं आहे. म्हणूनच पुढचं मला जास्त झोंबलं.

बांगला दोन मुलं. थोरली लोआन, तोंडाने तिखट आणि शिवणकामात हुशार. धाकटा थाच. थाच गणितात एवढा पुढे की शिक्षक त्याला फळ्यापाशी बोलावून उत्तरं तपासून घेत. एकदा बांग त्याच्या शाळेत सही करायला गेला आणि त्याने कागद उलटा धरला. सगळा वर्ग हसला. थाच हसला नाही. त्या दिवसापासून तो दुकानात बसेनासा झाला. पुढे तो गणिताचा शिक्षक झाला, आणि ज्याचं उत्तर वहीत नाही त्याला डोकंच नाही, असं मानू लागला. त्याचं दुःख मला कळतं. पण कारण कळलं म्हणून राग जातो, असं कोणी सांगितलं?

थाचचं लग्न न्यानशी झालं. न्यान कॉलेज शिकलेली, शांत, आणि सगळ्याची धास्ती घेणारी. त्यांना मुलगी झाली. मियेन.

मियेन वर्षाची झाली तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे ताट मांडलं. ताटात पेन, पुस्तक, आरसा, कंगवा, चिकट भाताचा गोळा, मातीचं ढेकूळ आणि कात्री. मूल रांगत येऊन जे पहिलं उचलेल तो त्याचा पुढचा धंदा, असं म्हणतात. बाळाला घडवणाऱ्या बारा देवी-सुइणींसाठी न्यानने आल्याच्या पाकातल्या उकडीच्या गोळ्यांच्या बारा वाट्या भरल्या होत्या. पाहुणे बसले होते. मी लाल दोऱ्याने बांधलेली, ताटाच्या पार मागच्या कडेला. आणि पेन? पेन पुढे. त्यावर थाच बोटाने काहीतरी चोळत होता.

"अहो, काय करताय?" न्यानने हळूच विचारलं.

"काही नाही. पेन पुसतोय."

"डब्यातल्या दुधाने?"

लोआन मागून डोकावली. "थाच, पेनाला नैवेद्य दाखवतोयस की काय? मग मलाही एक चमचा दे, मी पण शिक्षिका होते."

पाहुणे हसले. मियेनला सोडलं. ती तुरुतुरु आली, पेन उचललं, आटवलेलं दूध चाटून पुसून साफ केलं आणि पेन खाली ठेवून दिलं. मग पुस्तकावर गुडघा देऊन, आरसा ढकलून, थेट माझ्याकडे आली. तिने माझ्या दोन्ही कड्यांमध्ये बोटं घातली. उघडत नाही म्हटल्यावर रडली नाही. मला उलटी केली आणि दोऱ्याची गाठ शोधू लागली.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या लोखंडातून काय गेलं ते मी सांगू शकत नाही.

"तिला नीट दिसलं नाही," थाच म्हणाला. "पुन्हा मांडा."

पुन्हा मांडलं. तिने पुन्हा मलाच उचललं. तिसऱ्यांदा थाचने मला ओढून पाठीमागे टाकलं, तिच्या मुठीत पेन कोंबलं आणि फोटो काढला. "पेन! मियेनने पेन उचललं!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बांग आपल्या वाटीतल्या पाकाकडे बघत राहिला. मी जमिनीवर पडल्या पडल्या ठरवलं, थाच, हे मी फेडून घेईन. आज नाही, पण घेईन.

त्याच वर्षी बांगचे हात थरथरू लागले आणि दुकान बंद झालं. लोआन घराच्या ओसरीत नव्या यंत्रावर, नव्या कात्रीने शिवू लागली. आणि मला थाचने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलं. "लोखंड चांगलं आहे, मासे कापायला चालेल," म्हणाला. ज्या पात्यांनी नवऱ्या मुलींचं रेशीम कापलं, त्यांनी मी माकूळ कापला. खेकड्याच्या नांग्या, कोंबडीचे पाय, पातीचा कांदा, शेवयांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. कोणी पुसलं नाही, तेल दिलं नाही. माझ्या खिळ्याभोवती माशाची खवलं वाळून बसली.

मीही गप्प बसले नाही. थाच पिशवी फोडायला आला की मी त्याच्या अंगठ्याचं कातडं चिमटीत धरायची. पावसाळ्यात मुद्दाम गंजून त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पाडायची. एकदा टांगताना मी त्याच्या पायावर पडले. हे सूड लहान होते, मला ठाऊक आहे. मोठ्याची वाट बघताना लहान लहान घेतलेले बरे असतात.

पण त्या खिळ्यावरून मला एक फायदा झाला. मूल वाढताना दिसतं ते बाहेरच्या खोलीत कमी आणि स्वयंपाकघरात जास्त.

न्यान रोज मोजायची. शेजारच्या मुलाचे अठ्ठावीस शब्द झाले, आपल्या मियेनचे सहा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर शब्द लिहून ठेवायची आणि आकडा वाढला नाही की तिला अन्न गोड लागायचं नाही. मियेन मात्र कामात असायची. ती चमचा खाली टाकायची. न्यान उचलून द्यायची. ती पुन्हा टाकायची. तीस वेळा, चाळीस वेळा.

"बाबा, हिला काही समजतं की नाही हो?" एकदा न्यानने विचारलं.

बांग सासरा असला तरी तिच्या शेजारी पाटावर बसून लसूण सोलायचा. "सूनबाई, चमच्याकडे नको बघू, तिच्याकडे बघ. प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवरून टाकते आहे. आता डाव्या हाताने. आता भांड्यावर. तिचे प्रश्न चालू आहेत. तोंडाने विचारायला अजून अवकाश आहे, म्हणून हाताने विचारते."

न्यानने त्या दिवशी कॅलेंडरवर शब्दांच्या खाली लिहिलं, ‘चमचा, भांडं, डावा हात’. शहाणी बाई. ती शिकत होती.

मीही शिकले. माणसाचं डोकं एकदम भरून येत नाही. आधी बोटं शिकतात, मग डोळे बोटांच्या मागे जातात, आणि जीभ सगळ्यात शेवटी पोचते, कोणाची लवकर, कोणाची उशिरा. मियेन दोन वर्षांची असताना सगळ्या डब्यांची झाकणं न बघता बसवायची. चार वर्षांची असताना तिने आजोबाच्या सदऱ्याची बाही उलटी करून पाहिली आणि विचारलं, "ही सपाट होती तेव्हा कशी होती?" सहा वर्षांची झाली आणि शाळेत गेली. तिथे तिला अक्षरं उलटी दिसू लागली.

थाच संध्याकाळी ओसरीला लागून असलेल्या खोलीत शिकवण्या घेत असे. भिंतीवर नावांची यादी, नंबरांसकट. एकतीस मुलं. मियेन एकतिसावी. दर महिन्याला यादी बदलायची, शेवटचं नाव बदलायचं नाही.

"बारा मीटर दोरीचे तीन सारखे तुकडे, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. लहान तुकडा केवढा?" थाच विचारायचा.

"दोन," मियेन लगेच म्हणायची.

"पद्धत कुठे आहे?"

"हातात."

मुलं खो खो हसायची. थाचचे कान लाल व्हायचे. "हातात! पद्धत वहीत असते, मियेन! शिक्षकाच्या घरी जन्मलीस आणि एवढं कळत नाही? ढ आहेस, ढ!"

मग सगळीच मुलं तिला ढ म्हणू लागली. ती स्वयंपाकघरात येऊन माझ्या खिळ्याखाली बसायची आणि मला काढून केळीची पानं कापायची. आईला वाफेच्या कोळंबीच्या वड्या गुंडाळायला पानं लागत. एका गठ्ठ्यातून न्यानचे चाळीस तुकडे निघत. लोआनचे त्रेचाळीस. मियेनचे त्रेपन्न. न्यानने तीन वेळा मोजून बघितले.

"अहो, त्रेपन्न," तिने थाचला सांगितलं. "एकसारखे. शीर कुठे चिरली नाही."

"पानं कापायला डोकं लागत नाही," थाच म्हणाला आणि वह्या तपासायला बसला.

त्या वाक्याचीही मी नोंद घेतली.

मियेन दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेत एक परीक्षा झाली. चाळीस मिनिटं, सगळे शब्द आणि बेरजा. निकालाच्या चिठ्ठीवर आलं, ‘बुद्धी मंद’. सोबत दा नांग शहरातल्या एका वसतिशाळेचा अर्ज. मंद मुलांसाठीची शाळा, वर्षातून दोनदा घरी यायचं. मित्रांनो, त्या शाळेत वाईट काहीच नसेल. ज्या मुलांना तिची गरज आहे त्यांना तिथे प्रेमाने शिकवत असतील. पण थाच तिला तिथे पाठवत होता तो तिच्यासाठी नव्हे. त्याला भिंतीवरच्या यादीतलं एकतिसावं नाव पुसायचं होतं.

"सही कर," तो न्यानला म्हणाला. "आईची पण लागते."

"मी अजून विचार करते आहे."

"काय विचार? तिथे तिला कोणी हसणार नाही. इथे माझ्या शिकवणीला येणारी मुलं बाहेर काय बोलतात ठाऊक आहे? ज्याला स्वतःची मुलगी शिकवता येत नाही..."

"म्हणजे हसतात ते तुम्हाला."

थाचने अर्ज कपाटात ठेवला. मग म्हणाला, "शिक्षक दिन होऊ दे. एकवीस तारखेला सही करायची. मग मी ऐकणार नाही."

न्यानने रात्रीचं भांडं घासलेलंच पुन्हा घासलं. मियेन दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आईला फक्त एवढं विचारलं, "दा नांगला केळीची झाडं आहेत का?"

वीस नोव्हेंबरला शिक्षक दिन. त्या दिवशी शाळेत बारा मुली नाचणार होत्या आणि त्यांचे आओ याय करून घ्यायची जबाबदारी थाचने मिरवत मागून घेतली होती. जांभळं रेशीम, त्यावर वर उडणारे पांढरे बगळे, खास विणून, खास छापून. किती लागेल ते थाचने वहीत काढलं. पुढच्या भागाचं क्षेत्रफळ, मागच्या भागाचं, बाह्यांचं, गळपट्टीचं, गुणिले बारा, वर थोडं. विणकराला बरोबर तेवढंच सांगितलं. लोआनने विचारलं होतं, "मला दाखवून तरी सांग." तो म्हणाला, "ताई, गणिताला साक्षीदार लागत नाही."

सोळा तारखेला रेशीम आलं. लोआनने खोलीभर पसरलं, कागदी साचे मांडले, उचलले, पुन्हा मांडले. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दहाच होतात."

"शक्य नाही," थाच वही घेऊन आला. "मी दोनदा काढलंय."

"तुझं क्षेत्रफळ बरोबर आहे रे, पण क्षेत्रफळ अंगात घालता येत नाही. बाही गोल आहे, तिच्या बाजूला ही फट राहते. त्या फटीत काय घालू, तुझी वही? आणि शिवणीला सोडायची माया कुठे धरलीस?"

"तुकडे उलटे मांड. मग बसतील."

"मग बगळेही उलटे. मुली नाचायला लागल्या की बगळे डोक्यावर आपटणार."

"विणकराला फोन करतो."

"केला मी. रंगायलाच पंधरा दिवस लागतात म्हणाला. आता दोघींना नुसत्या विजारीवर नाचव, म्हणावं हे पण गणितच आहे."

थाच खाली बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. सगळ्या शाळेसमोर त्याने छातीवर हात मारून सांगितलं होतं. मित्रांनो, मी खिळ्यावर टांगल्या टांगल्या तो घाम थेंब थेंब मोजला. पावसाळी नदीच्या थंड वाऱ्यातही इतका घाम! मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात माझ्या कड्यात ओळखीची बोटं आली.

मियेनने केळीचं एक लांब पान घेतलं. त्याची एक पट्टी रेशमाच्या ताग्यासारखी अरुंद आणि लांब कापली. दुसऱ्या पानातून बोटाएवढे साचे कापले, पुढचे, मागचे, बाह्या, गळपट्ट्या. पानाच्या शिरा एकाच बाजूला जातात, ते बगळे. शिरा उलट्या होऊ द्यायच्या नाहीत. ती जमिनीवर पालथी पडून पट्टीवर तुकडे सरकवत राहिली. सरकवायची, थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा सरकवायची. न्यान भात करायचं विसरून तिच्याकडे बघत होती. दोनदा मियेनचे तुकडे दहावर अडले. मग तिने मागचा भाग उचलला आणि माझ्या पात्यांनी उभा मधोमध कापला. दोन अरुंद पट्ट्या झाल्या. त्या बाह्यांच्या बाजूच्या फटींत अलगद जाऊन बसल्या.

"आत्या," तिने हाक मारली. "बारा झाले."

लोआन वाकली. मग गुडघ्यावर बसली. मग तिने स्वतःचं तोंड हाताने झाकलं. "पण पाठीवर मधोमध शिवण येईल गं."

बांग काठी टेकत उठला. पेटीतून त्याने आपल्या आईचा जुना आओ याय काढला आणि पाठ वर करून पसरला. मधोमध शिवण.

"पूर्वी माग अरुंद असायचे. सगळ्यांच्याच पाठीवर शिवण. हे हिला मी कधी दाखवलेलं नाही," तो म्हणाला. "सत्तर वर्षांपूर्वीच्या शिंप्यांनी जे शोधलं ते हिने केळीच्या पानात शोधलं."

थाचने वही उघडली. प्रत्येक तुकडा मोजला, बेरीज केली, पुन्हा केली. "बसतंय," तो म्हणाला. कोणाकडे बघून म्हणाला ते कळलं नाही. मियेनकडे तर नाहीच.

त्या दुपारी बांगने मला दगडावर लावलं. त्याचा हात थरथरत होता, म्हणून मियेनने त्याचं मनगट धरलं. दोघांच्या हाताखाली माझी माशांची वर्षं घासून निघाली. खवलं गेली, गंज गेला. आणि नऊ वर्षांनी मी पुन्हा रेशमावर उभी राहिले.

खरं सांगते. पहिल्या घावापूर्वी माझ्या मनात आलं की आता निसटावं. बोटभर वाकडं जायचं, एक तागा वाया, थाचची सगळ्या गावात नाचक्की. लोआन मला धरून होती आणि खडूची रेघ मियेनने ओढलेली होती. तिचं बोट रेघेच्या कडेला, माझ्या पात्याच्या अगदी पुढे चालत होतं. मी रेघेवर राहिले. थाचसाठी नव्हे. माझा सूड असा स्वस्तात नको होता मला.

चार दिवसांत बारा आओ याय झाले. वीस तारखेला मुली नाचल्या, बगळे वर उडाले, टाळ्या पडल्या. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे विद्यार्थी फुलं घेऊन थाचच्या घरी आले. बाराही मुली आल्या, जांभळ्या रेशमात. मुख्याध्यापक काकाही आले. ओसरी ग्लॅडिओलसच्या दांड्यांनी भरली.

"थाच, मानलं तुला," मुख्याध्यापक म्हणाले. "लोआनताई म्हणत होत्या कापड कमी पडलं होतं. जमवलंस कसं?"

थाच हसला. "गणित, सर. जरा वेगळी मांडणी केली."

मी स्वयंपाकघरात टेबलावर होते. तो शब्द ऐकला आणि माझा मधला खिळा आवळला गेला. दुसऱ्यांदा! पुन्हा तेच, पुन्हा सगळ्यांसमोर!

न्यान चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, आत आली, मला उचललं, कपाटातून अर्ज काढला आणि बाहेर गेली. तिचा हात बर्फासारखा थंड होता. ही बाई आयुष्यात कधी चार माणसांत मोठ्याने बोलली नव्हती.

"सर, एक विचारू?" ती म्हणाली. "हा दा नांगच्या शाळेचा अर्ज. मंद मुलांच्या. उद्या यांना सही हवी आहे. ज्या डोक्याने बारा पोशाख दहाच्या कापडात बसवले, ते डोकं मंद म्हणायचं का, तेवढं तुम्ही यांना विचारा. ते गणिताचे शिक्षक आहेत. त्यांचं उत्तर बरोबर असेल."

"म्हणजे? कोणी बसवले?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

लोआन तोंड उघडणार होती, बांगने तिचा दंड धरला. सगळे थाचकडे बघत होते. बारा मुली, शिकवणीची मुलं, भिंतीवरची यादीसुद्धा. मियेन खांबाला टेकून उभी होती आणि आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

मित्रांनो, मी या क्षणासाठी नऊ वर्षं खेकडे कापले होते.

"मियेनने," थाच म्हणाला.

"मोठ्याने," न्यान म्हणाली.

"मियेनने. माझ्या मुलीने बेतलं. माझा हिशोब चुकला होता, सर." मग त्याला थांबता येईना. "आणि वर्षाची असताना तिने पेन उचललंच नव्हतं. कात्री उचलली होती. दोनदा मांडलं, दोन्ही वेळा तीच. तिसऱ्यांदा मी खोटं बोललो."

न्यानने मला त्याच्यासमोर धरलं, कडी त्याच्याकडे करून. "मग कापा."

"अगं, कागद नको!" लोआन ओरडली. "शिंप्याच्या कात्रीने कागद कापतात का कधी? धार मरते!"

"मरू दे," बांग म्हणाला. "कापू दे त्याला."

थाचने मला हातात घेतलं. अर्ज जाड होता, चार पानं, कोपऱ्यात टाचणी मारलेली. मी त्याला सोपं जाऊ दिलं नाही. प्रत्येक इंच त्याला जोर लावायला लावला. ‘बुद्धी’ या शब्दातून गेले, ‘मंद’ या शब्दातून गेले, टाचणीवर माझं पातं आपटलं आणि एक खाच पडली, तरी गेले.

"बाबा, वाकडं जातंय," मियेन हळूच म्हणाली.

"जाऊ दे," थाच म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

सूड घेतल्यावर मन रितं होतं, असं मोठी माणसं सांगतात. माझं झालं नाही. मला फार गोड लागला तो. खोटं कशाला बोलू?

मियेन अजूनही सावकाश वाचते. थाच आता तिच्याबरोबर दोरी घेऊन बसतो, आणि पद्धत हातातून वहीत कशी न्यायची ते दोघं मिळून शोधतात. भिंतीवर यादी नाही. बांगने मला पुन्हा धार लावली, पण टाचणीची खाच घासायला आला तेव्हा मी दगडावर अशी कुरकुरले की त्याने ती तशीच ठेवली. थाच मला हातात घेतो तेव्हा ती त्याच्या बोटाला लागते. लागू दे.

तर मित्रांनो, घरातल्या कात्रीला तेल देत जा, कापडाची कापडाला ठेवा, मासळीची मासळीला. आणि तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर जो बसतो, त्याला ढ म्हणण्याआधी त्याचे हात बघा, कान बघा, तो चालताना, गाताना, भांडण मिटवताना बघा. त्याचं डोकं कुठे आहे ते शोधणं हे तुमचं काम आहे. माझी धार गेली तर अर्ध्या तासात दगडावर परत येते. मुलाला दहा वर्षं बोथट म्हणत राहिलात, तर ते घासायला दगड कुठून आणाल? आणि एवढं सांगूनही कोणी ऐकलं नाही, तर प्रत्येक स्वयंपाकघरात माझी एक बहीण टांगलेली आहे. ती बघते आहे.